ताडावरचे बाबा

बाबांना फोन लावला की आधी वारा ऐकू यायचा. मग झावळ्यांची खरखर, मग धाप, आणि मग आवाज, "बोल. वर हाय मी."

वर म्हणजे ताडाच्या शेंड्यावर. वय सत्तरीच्या घरात, पायांच्या नुसत्या काड्या, आणि हा गृहस्थ सकाळ-संध्याकाळ तलासरीजवळच्या वेवजीच्या बांधावरच्या ताडांवर चढलेला. दारूची तलफ आली की बाबांना फोन करायचा, हा आमच्या गटाचा नियम होता. बाबांनी कधी कुणाला "पिऊ नको" म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "थांब, उतरतो. फोन ठेवू नको." आणि उतरता उतरता वरून काय काय दिसतं ते सांगत राहायचे. "हायवेला ट्रकांची रांग लागलीय. शेजाऱ्याची बकरी चिकूत शिरली, ए, हाकल तिला! तुझ्या डहाणूची चिमणी दिसते रे, आज धूर कमी हाय." असं करत करत त्यांचे पाय जमिनीला लागायचे. मग म्हणायचे, "हां, आता बोल. काय झाला?"

तोवर बोलण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

मला पुढे पुढे संशय यायला लागला की बाबा दरवेळी झाडावर नसतात, कधी कधी घरीच खाटेवर बसून तोंडाने वारा काढतात. एकदा स्पष्टच विचारलं. म्हणाले, "तुझी उतरली ना? मग झाला तर."

अशा माणसाच्या हातात दारू सोडवणारा गट कसा, हे कुणालाही कोडं वाटेल. मलाही वाटलं होतं. जो माणूस जन्मभर ताडाला मडकी बांधतो, तो लोकांची बाटली काय सोडवणार? पण मी तिथे कसा पोचलो ते आधी सांगायला हवं, कारण त्यात माझी जेवढी फजिती आहे तेवढीच गंमत आहे.

मी डहाणूला तहसील कचेरीत नकला देणारा कारकून होतो. सातबारा, फेरफार, जुन्या नोंदी. माझं पिणं तेव्हा कचेरी उघडण्याआधीच सुरू व्हायचं आणि पाण्याच्या बाटलीतून दिवसभर चालायचं. कुणाला काही कळत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. सगळ्या पिणाऱ्यांची असते. रानशेतचा एक माणूस फेरफाराच्या नकलेसाठी तीनदा आला आणि तीनदा मी त्याला "उद्या या" म्हणून परत पाठवलं. चौथ्या खेपेला त्याची नकल मिळाली. ती घेताना तो खिडकीत जरा जास्तच वाकला, नाकाने एकदा श्वास आत ओढला आणि माझ्याच टेबलावरच्या कागदावर माझ्याच पेनने काहीतरी लिहून तो कागद माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, झाली तक्रार. कागदावर होतं : रविवार, सकाळी आठ, तलासरी, अंगणवाडीचा ओटा.

"साहेब," तो अगदी माझ्याच सुरात म्हणाला, "रविवारी या."

एरवी मी तो कागद फाडून टाकला असता. पण त्याच आठवड्यात बायकोने माहेरी, बोईसरला जायची बॅग भरून दारात ठेवली होती. आदळआपट नाही, रडारड नाही. "भांडून भांडून माझा घसा गेला," ती म्हणाली. "तुम्ही पिता, ते पिता. पण वर खोटं बोलता. पिणं एकवेळ सहन करीन, खोटं आता एकदाही नाही." मी कागद दाखवला. तिने तो उलटसुलट करून वाचला, बॅग उचलून पलंगाखाली सरकवली, पण रिकामी केली नाही.

तलासरीला मला कुणी ओळखत नव्हतं, हा त्यातल्या त्यात दिलासा. एसटीतून उतरलो, विचारत विचारत अंगणवाडी गाठली. ओट्यावर आठ-नऊ जण मांडी घालून बसले होते. पाठीमागच्या भिंतीवर क कमळाचा, ख खटाऱ्याचा. प्रत्येकाच्या मांडीत एक मडकं, हातात चिंधी गुंडाळलेली काठी आणि मधोमध कालवलेल्या चुन्याचं घमेलं. माझा तो रानशेतवाला तिथे होताच. मला वाटलं, मी चुकून कुंभाराकडे आलो. तेवढ्यात एक बुटका, काळासावळा म्हातारा, डोक्याला मफलर आणि दहाही नखं चुन्याने पांढरी, माझ्याकडे बघून म्हणाला, "ये."

मी नाव सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"नाव नाय. गाव."

"डहाणू."

"बस, डहाणू." आणि एक मडकं माझ्या हातात दिलं.

हे त्यांचं खास शास्त्र होतं. कुणीतरी शहरातून येऊन त्यांना कधीकाळी सांगून गेलं होतं की अशा गटात नावं सांगायची नसतात. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की स्वतःच्या सुनेलाही ओट्यावर नावाने हाक मारायची बंद केली. ती तिथली अंगणवाडी सेविका, किल्ल्या तिच्याच. मग सगळे गावाच्या नावाने. एका गावचे दोघे आले की थोरली सरावली आणि धाकटी सरावली. तालुक्यात सगळ्यांना सगळ्यांची खापरपणज्यापर्यंत माहिती, पण ओट्यावर बसलं की आम्ही फक्त गावं. कचेरीत जो मला "साहेब" म्हणायचा तो रानशेत इथे मला "ए डहाणू, घमेला सरकव" म्हणायचा, आणि खरं सांगतो, ते मला आवडायला लागलं.

आता मडक्यांचं. ताडाचा रस रात्रभर मडक्यात ठिबकत असतो. मडकं आतून चुन्याने सारवलेलं असेल तर सकाळी गोड नीरा मिळते, नसेल तर रस आंबतो आणि त्याची ताडी होते. बाबांनी अकरा वर्षांपूर्वी पिणं सोडलं तेव्हा ताडी काढणंही सोडलं. झाडं सोडली नाहीत. "झाड काय करील बिचारा?" ते म्हणायचे. "झाड गोडच देतो. आंबट आपण करतो, थांबून." तेव्हापासून ते फक्त नीरा काढायचे आणि आठवड्याची मडकी सारवायचं काम रविवारी आमच्याकडून करून घ्यायचे. फुकट. वर म्हणायचे, "मी तुमचा इलाज करतो."

त्यात इलाज होताच. समोरच्याकडे बघून बोलायला माणसाला लाज वाटते. मडक्यात बघून बोलायला वाटत नाही. "मडक्याला सांग," बाबा म्हणायचे, "मडका कोणाला सांगत नाय." मग एकेक जण काठी फिरवता फिरवता मडक्यात तोंड घालून बोलायचा. आवाज असा घुमायचा की साधं "परवा प्यायलो" हेसुद्धा आकाशवाणीसारखं वाटावं. एकदा धाकटी सरावली मडक्यात बोलता बोलता ढसाढसा रडायला लागली, म्हणजे रडायला लागला, चांगला मिशाळ माणूस होता. बाबांनी वाकून मडक्यात बघितलं. "रड बाबा, रड," ते म्हणाले, "पण जरा बाजूला. चुना पातळ होतो."

व्यसनमुक्ती हा शब्द त्यांना खपायचा नाही. मुक्ती मेल्यावर, असं त्यांचं म्हणणं. टाळ्यांचंही वावडं होतं. प्रत्येकाने आपलं गाव आणि आपला दिवस सांगायचा, "रानशेत, सहाशे बारा", आणि बाकीच्यांनी आपापल्या मडक्यावर बोटाने टिचकी मारायची. टण, टण, टण. एका कामात दोन कामं. कौतुक होतं आणि तडकलेलं मडकंही कळतं. बाबा स्वतः आकडा सांगत नसत. "वेवजी. अकरा वर्स आणि आज," एवढंच. त्या "आणि आज"वर ते नेहमी जरा जोर द्यायचे.

मी सुटलो. गंमत वाटेल, पण सुटलो. साठ, शंभर, दोनशे. बायकोने कधीतरी बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली. कचेरीत मी "उद्या या" म्हणायचं कमी केलं. घरी कालनिर्णयावर बायको रोज लाल पेनने आकडा घालायची आणि चहा देताना तो मोठ्याने वाचायची.

दोनशे एक्याण्णवाव्या दिवशी बोर्डीला एका सहकाऱ्याच्या बढतीची पार्टी होती. समुद्रावर. मी लिंबू सरबत घेऊन बसलो होतो. मग एक ग्लास बिअर घेतली, मग दुसरा. बाबांना फोन केला नाही. मनाशी म्हटलं, वर असतील, कशाला उगाच उतरवा म्हाताऱ्याला. माणूस पिताना किती परोपकारी होतो बघा. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बंद, एक थेंब नाही. पण त्या रविवारी ओट्यावर माझा आकडा यायला हवा होता चार. मी मडक्यात बघितलं आणि म्हणालो, "डहाणू, दोनशे पंच्याण्णव."

टण, टण, टण.

घरी बायको लाल पेनने लिहीतच होती. तिचं ते वाक्य मी विसरलो नव्हतो. पिणं एकवेळ. खोटं एकदाही नाही. मी दोन्ही केलं होतं, आणि आता रोज सकाळी चहाबरोबर ते पुन्हा करत होतो. खरं सांगितलं तर बॅग माळ्यावरून खाली येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

खोट्याची एक खोड असते. त्याला मांडव लागतो. माझं वर्ष भरायला आलं तसं मी बाबांच्या मागे लागलो की यंदा साधंसुधं नको, कार्यक्रम करू. बॅनर, माईक, हार, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे. सरकारी माणूस मी, पाहुण्याशिवाय कार्यक्रम होतो हेच मला ठाऊक नव्हतं. जिल्ह्याच्या एका साहेबांना मीच गाठलं. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. कुणाचं वर्ष भरलं की उजाडताना सगळ्यांनी मिळून नीरा प्यायची आणि आपापल्या घरी जायचं, अकरा वर्षं असंच चाललं होतं.

"नीरा पाहुण्यासाठी थांबत नाय," ते म्हणाले.

"साडेआठला येतायत, बाबा. दोन तासांचा तर प्रश्न."

बाबांनी मफलर सारखा केला. "तुझा दिवस हाय," ते म्हणाले.

त्या रविवारी ते पहाटेच नीरेचा कॅन घेऊन आले, तो ओट्यामागे सावलीत ठेवला आणि वर ओलं गोणपाट टाकलं. मांडव घातला होता. आमच्या माणसांबरोबर त्यांच्या घरचेही आले होते, बायको बाबांच्या सुनेशेजारी तिसऱ्या रांगेत बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. साडेआठ झाले, नऊ झाले. पाहुण्यांचा फोन, निघालोच. दहा झाले. मधल्या वेळात मला वाटलं, बॅनरपुढे टेबल मोकळं दिसतंय, फोटोत चांगलं दिसेल म्हणून तो कॅन मीच उचलून टेबलावर ठेवला. गोणपाट बरं दिसेना म्हणून काढलं. सूर्य मांडवाच्या फटीतून सरळ त्या टेबलावर येत होता. बाबा दोनदा येऊन म्हणाले, "वाटून टाकू का रे?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "बाबा, पाच मिनिटं." तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत. साडेअकराला गाडीचा हॉर्न वाजला.

हार झाले. मग नीरा. बाबांच्या घरची रीत अशी की काहीही पाजायचं तर आधी चार थेंब जमिनीला, वाडवडिलांना, मग देणाऱ्याने स्वतः एक घोट घ्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचं. बाबांनी पेला भरला, बोटं बुडवून थेंब जमिनीवर टाकले, पेला तोंडाला लावला.

आणि थांबले. पेला तसाच हातात. मी अगदी शेजारी उभा होतो, म्हणून मला दिसलं : त्यांचा घसा एकदा वरखाली झाला. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मग पेला उलटा केला, कॅन उचलला, मांडवाबाहेर नेला आणि सगळाच्या सगळा मातीत ओतून आले. त्या वासाने पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी रुमाल नाकाला लावले. पाहुणे बघत राहिले.

"आंबली," बाबा माईकवर म्हणाले. "कोणी पिऊ नका. वास पण घेऊ नका."

ते माईकपुढून हलेनात म्हणून मी हळूच म्हणालो, "बाबा, तुम्ही गिळला तो एक घोट तर होता, तोही चुकून. त्याचं काय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखादा चुकीचा सातबारा त्यांच्या हातात दिला होता. मग माईकवरच बोलले. त्यांना माईक बाजूला कसा करतात ते माहीत नव्हतं, की मुद्दामच, देव जाणे.

"तोंडात गेली ती चुकून गेली," ते म्हणाले. "जीभ बोलली, ही ती हाय. जुनी. वळखली मी तिला. थुंकायला येळ होता मना. तरी गिळली. गिळली ती चुकून नाय." मग नेहमीसारखे ताठ उभे राहिले. "वेवजी. आज पयला दिस."

मांडवात एकदम गलका झाला. सून उठून ओरडली, "काय बोलता तुम्ही! अकरा वर्षं!" रानशेत म्हणाला, असं धरायचं नसतं. थोरल्या सरावलीने तर मतदान घ्यायची सूचना केली. बाबा हसत होते. खरोखर हसत होते, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे नाही, तर जड बोचकं डोक्यावरून उतरवून ठेवलेल्या माणसासारखे. व्यासपीठावरून उतरून ते नव्या माणसांच्या सतरंजीवर जाऊन बसले, आणि काही केल्या उठेनात.

कार्यक्रम तर पुढे न्यायला हवा. रानशेतने घसा खाकरून पुकारलं, "डहाणू. एक वरीस पुरा." पाहुण्यांनी शाल उलगडून धरली. मी पुढे झालो. तो माईक समोर होता. मडकं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, पण माईकच होता, आणि तिसऱ्या रांगेत बायको मान उंच करून माझ्याकडे बघत होती.

"डहाणू," मी म्हणालो. "चौऱ्याहत्तर."

रानशेतला वाटलं मी गोंधळलो. "तीनशे पासष्ट," तो हळूच बोलला.

"चौऱ्याहत्तर. बोर्डीला दोन ग्लास बिअर प्यायलो. तेव्हापासून दर रविवारी खोटं बोललो. घरी रोज बोललो. आजची नीरा माझ्यामुळे आंबली. बाबांचे दिवस माझ्यामुळे गेले."

पाहुण्यांनी शालीची पुन्हा घडी घातली. बिचारे चांगले होते, त्यांना फक्त ती कुणाच्या खांद्यावर टाकायची ते कळत नव्हतं. खालून सतरंजीवरून बाबांचा आवाज आला.

"बरा झाला. मी एकटाच धाकटा वाटत होतो. माझे दिवस माझे मी घालवले रे, तू नको घेऊ आपल्या अंगावर." आणि पाहुण्यांकडे वळून, "साहेब, हा माझ्यापरीस त्र्याहत्तर दिवसांनी मोठा हाय. शाल त्याला नको, मना नको. पण चहा घ्या. नव्या माणसाने चहा आणाचा असतो. मी आणतो." आणि उठून खरोखरच चहा आणायला गेले.

मी बायकोकडे बघायचं टाळत होतो. बघितलं तेव्हा ती जागेवर नव्हती. बोईसरची गाडी किती वाजता असते ते मला पाठ होतं.

ती मांडवाच्या टोकाला चहाच्या टोपाशी उभी होती. तिने पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला, दोरी सोडली आणि पहिला पेढा बाबांच्या हातावर ठेवला. "पहिल्या दिवसाचा," ती म्हणाली. मग सगळ्या रांगांतून फिरली, पाहुण्यांना दिला, त्यांच्या ड्रायव्हरला दिला. शेवटी माझ्यासमोर आली. तिचे डोळे लाल होते. डब्यात एक पेढा उरला होता. तिने माझ्या डोळ्यांदेखत झाकण लावलं.

"वर्षाला किती राहिले?"

"दोनशे एक्याण्णव."

"तेव्हा मिळेल. आणि यापुढे तुमचं सांगणं बंद. मोजणार मी."

मला रडू आलं आणि सुटल्यासारखंही झालं. मी मान हलवली. बाबा हातात चहाचे कप घेऊन मागे येऊन उभे होते, तोंडात अजून पेढा.

"बाई," ते म्हणाले, "माझे पण मोजाल काय? पयल्यापासून मोजायची सवय मोडली माझी."

तिने दोघांचे मोजले. माझी बदली होईपर्यंत दर रविवारी ती माझ्याबरोबर तलासरीला यायची आणि ओट्यावर आधी बाबांचा आकडा सांगायची, मग माझा. बाबांचा नेहमी माझ्याहून त्र्याहत्तरांनी कमी. मी ओट्यावर चढलो की तो म्हातारा भिंतीला टेकायची स्वतःची जागा सोडून उठायचा आणि म्हणायचा, "बस, डहाणू, तू थोरला." चेष्टेत नाही, अगदी मनापासून. आणि मला बसावं लागायचं.